एक्सएफसीईच्या पॅनेलवर यूपीएसची बॅटरी दाखवायची आहे, हलकं ॲपलेट कसं लिहू?

मानेवाडा_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला आमची अभ्यासिका आहे. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची मुलं-मुली सकाळी सहापासून बसतात. मागच्या खोलीत ऑनलाइन सराव परीक्षेसाठी जुने डेस्कटॉप लावले आहेत, प्रत्येकी २ जीबी रॅम, डेबियन लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. सगळे एकाच मोठ्या यूपीएसवर आहेत. त्या यूपीएसची यूएसबी केबल कोपऱ्यातल्या एका मशीनला लावली आहे आणि तिथे नट नावाचं यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून ठेवलं आहे, म्हणजे कमांड दिली की बॅटरीची माहिती येते.

आता मे महिना, दुपारची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कूलर बंद पडला की लाईट गेल्याचं कळतं, पण यूपीएस अजून किती टिकेल ते कुणालाच कळत नाही. यूपीएस बाहेर पॅसेजमध्ये जाळीच्या कपाटात आहे, त्याची पिपाणी आत ऐकू येत नाही. मागच्या आठवड्यात एका मुलीचे शंभरातले ऐंशी प्रश्न सोडवून झाले होते आणि मशीन बंद पडलं. बिचारी रडायला लागली. हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

म्हणून खालच्या पट्टीवर घड्याळाशेजारी ‘लाईट आहे’ किंवा ‘बॅटरी ६०%’ असं मराठीत दिसावं, एवढंच हवं आहे. पायथॉन बऱ्यापैकी येतं, सी कॉलेजात झालं होतं. शोधायला गेलो तर कुणी ट्रे आयकॉन म्हणतं, कुणी प्लगइन, कुणी डॉकॲप, कुणी एक्स्टेन्शन. यातलं काय धरू? परीक्षेचा ब्राउझरच सगळी रॅम खाऊन राहिला आहे, त्यावर आणखी ओझं नको.

---

इतवारी_रिपेअर

भाऊ, काही लिहूच नका. एक्सएफसीईमध्ये जेनमॉन नावाचं प्लगइन येतं, जेनेरिक मॉनिटर. त्याला स्क्रिप्ट द्या, दर सेकंदाला चालवा, स्क्रिप्टने जे छापलं ते पॅनेलवर दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या दुकानात प्रोसेसरचं तापमान असंच दाखवतो.

---

जुनी_लॅब_महाल

जेनमॉनचा सल्ला बरोबर आहे, दर सेकंदाचा नाही. इथे थोडं सविस्तर लिहिते. महालातल्या एका शाळेची लॅब मी कित्येक वर्षं सांभाळते आहे आणि जुन्या मशीनवर असल्या छोट्या गोष्टी लिहिणं हे माझं आवडीचं काम आहे.

‘हलकं’ म्हटलं की आपण रॅमचा आकडा बघतो. तो बघावाच, पण त्याआधी एक बघा: ते ॲपलेट किती वेळा जागं होतं? समजा तुमच्या स्क्रिप्टमध्ये यूपीएसला विचारणारी कमांड, तिच्यापुढे हवी ती ओळ निवडणारं ग्रेप, त्यापुढे तिचा तुकडा काढणारं कट. शेल धरून चार प्रोसेस झाल्या. दर सेकंदाला चार जन्मल्या, चार मेल्या. तासाला चौदा हजारांवर. आणि हे सगळं कशासाठी, तर ‘लाईट आहे’ हेच शब्द पुन्हा छापायला. प्रोसेसरला काम नसलं की तो खोल झोपेत जातो आणि गार राहतो. अशी टोचणी सतत असेल तर तो खोल झोपेत टिकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद असताना, त्या खोलीत तुमची जुनी मशीन काय सोसत असतील याचा विचार करा. त्यात ती बॅटरीवर असतील तर जाणारा प्रत्येक वॅट त्या मुलीच्या वेळेतून जातो.

तर माझं म्हणणं असं की चांगलं पॅनेल ॲपलेट बदल झाल्यावर जागं होतं, एरवी झोपतं. तुम्ही कुठलं तंत्र निवडता ते त्यानंतर.

तुम्ही विचारलेले प्रकार थोडक्यात. ट्रे आयकॉन हा आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमने आपली खूण दाखवण्यासाठी असतो. जुनी पद्धत एक्स-एम्बेडची, म्हणजे प्रोग्रॅमची इवलीशी विंडो पॅनेलच्या आत बसवायची. नवी पद्धत स्टेटस नोटिफायर आयटम, त्यात प्रोग्रॅम डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रॅमांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवरून, फक्त माहिती देतो आणि चित्र पॅनेल स्वतः काढतं. दोन्हींत भर आयकॉनवर आहे, ‘बॅटरी ६०%’ असा मजकूर सगळीकडे दिसेलच याची खात्री नाही. प्लगइन हा पॅनेलचाच भाग होतो. डॉकॲप हे तर वेगळंच जग आहे, त्याबद्दल पुढे कधी. एक्स्टेन्शन नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं, तुमच्याकडे नोम नाही, ते सोडून द्या.

तुमच्यासाठी मी असं करेन.

जेनमॉन लावा, पण त्याचा कालावधी एक तास ठेवा. जेनमॉनला बाहेरून ‘आत्ता ताजं कर’ असं सांगता येतं. एक्सएफसीई पॅनेलच्या कमांडला प्लगइन-इव्हेंट असा पर्याय आहे, त्यात जेनमॉनचं नाव, त्याचा क्रमांक, रिफ्रेश आणि शेवटी बूल-ट्रू एवढं द्यायचं. क्रमांक पॅनेलच्या सेटिंगमध्ये, आयटमच्या यादीत त्या नावावर माउस नेला की दिसतो. म्हणजे दर सेकंदाला विचारायची गरज संपली. ज्याला बदल कळतो त्याने येऊन सांगायचं.

बदल कोणाला कळतो? नटमधल्या यूपीएसमॉन या पहारा देणाऱ्या प्रोग्रॅमला. लाईट गेली, आली, बॅटरी संपत आली, या प्रत्येक वेळी तो तुम्ही सांगाल ती कमांड चालवतो. सेटिंगमध्ये नोटिफाय-कमांड लिहायची आणि त्या त्या घटनेपुढे एक्झेक हा शब्द जोडायचा. इथे एक खाच आहे, तिथे बरेच जण अडकतात. यूपीएसमॉन ही कमांड स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालवतो, समोर बसलेल्या मुलाच्या लॉगिनखाली नाही. त्या युजरला मुलाचं पॅनेल दिसत नाही, त्यामुळे तिथून रिफ्रेशची कमांड दिली तर ती वाऱ्यावर जाते. म्हणून त्या कमांडने रन फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत फक्त एक शब्द लिहावा, ‘मेन्स’ किंवा ‘बॅटरी’. ते फोल्डर रॅममध्येच असतं, डिस्कला हात लागत नाही.

मुलाच्या लॉगिनमध्ये, ऑटोस्टार्टमधून, एक शेल स्क्रिप्ट चालू ठेवा. ती इनोटिफाय-वेट या कमांडवर थांबून राहते. फाइल बदलली की कर्नलच तिला उठवतो, तोवर ती शून्य काम करते. उठली की आधी जेनमॉनला रिफ्रेश सांगायचं. फाइलीत ‘बॅटरी’ असेल तर दर वीस सेकंदांनी रिफ्रेश करत राहायचं, कारण टक्के उतरताना यूपीएसमॉन काही कळवत नाही. ‘मेन्स’ आलं की पुन्हा झोप. लाईट असताना काहीच नाही, नसताना मोजकं.

बाकीच्या मशीनवरही यूपीएसमॉन बसवा, सेकंडरी म्हणून, म्हणजे केबल नसलेलं मशीन म्हणून. कोपऱ्यातल्या मशीनवर यूपीएसडी, म्हणजे इतरांना यूपीएसची माहिती देणारा नटचा प्रोग्रॅम, ३४९३ या पोर्टवर असतो, पण मूळ सेटिंगमध्ये तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. लिसन या ओळीत लॅनचा पत्ता घालावा लागेल. आणि स्क्रिप्टमध्ये यूपीएसला विचारणाऱ्या कमांडच्या आधी टाइमआउट २ लावाच. कोपऱ्यातलं मशीन कुणी बंद केलं तर बाकीची उत्तराची वाट बघत लटकायला नकोत. उत्तर नाही आलं तर ‘माहिती नाही’ असं छापा. जुना आकडा तसाच ठेवणं सगळ्यांत वाईट. मुलगा त्याच्यावर विश्वास ठेवून बसेल.

एक सांगा, नटमध्ये ड्रायव्हर कुठला लागला आहे?

---

मानेवाडा_अभ्यासिका

ताई, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. ड्रायव्हर नटड्रव्ह-क्यूएक्स आहे.

तुम्ही सांगितलं तसं बसवलं. कोपऱ्यातल्या मशीनवर आणि आणखी दोनवर चालून राहिलं आहे. दुपारी यूपीएसला लाईट देणारा पॅसेजमधला स्विच मुद्दाम पाडून पाहिला, तिन्ही पट्ट्यांवर लगेच ‘बॅटरी’ आलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

दोन त्रास आहेत. आकडा १०० वरून ९९ झाला की शेजारचं घड्याळ, आवाजाचं बटण सगळं सरकतं. नंतर ९ झाला की पुन्हा. दुसरं, मराठी मजकूर आला की पट्टीवर तो बाकीच्या इंग्रजी मजकुरापेक्षा खाली-वर वाटतो. पट्टी २४ पिक्सेलची आहे.

आणि आता खरं प्लगइन सीमध्ये लिहून बघायची खुमखुमी आली आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी वेळ असतो.

---

जुनी_लॅब_महाल

वा, छान झालं!

आधी ड्रायव्हरचं. क्यूएक्सवर चालणारे बरेच स्वस्त यूपीएस टक्के सांगतच नाहीत, फक्त बॅटरीचं व्होल्टेज सांगतात. टक्के ड्रायव्हर अंदाजाने काढतो. त्यासाठी भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीचं व्होल्टेज सेटिंगमध्ये नीट दिलेलं हवं, नाहीतर ६०% म्हणत म्हणत मशीन बंद होईल. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन चालू ठेवून यूपीएस एकदा पूर्ण उतरू द्या, व्होल्टेज लिहीत जा आणि ते आकडे घाला. पॅनेल कितीही सुरेख केलं तरी त्यामागचा आकडा खरा हवा. हे काम टाळू नका.

सरकण्याचं कारण: लेबलची रुंदी बदलली की पॅनेल सगळ्यांना नव्याने जागा वाटतं. जेनमॉनमध्ये बार नावाचा टॅग आहे, त्यात ० ते १०० मधला आकडा दिला की उभी पट्टी भरलेली दिसते, तिची रुंदी बदलत नाही. मजकुरात फक्त ‘लाईट’ किंवा ‘बॅटरी’ ठेवा, टक्के टूल या टॅगमध्ये टाका, म्हणजे माउस नेला की दिसतील. परीक्षा देणाऱ्या मुलाला ५७ की ५८ याने फरक पडत नाही, पट्टी अर्ध्याखाली गेली हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं पाहिजे.

खाली-वर दिसतं ते फॉन्टमुळे. देवनागरीत वेलांटी, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे देवनागरी फॉन्टच्या ओळीची उंची इंग्रजी फॉन्टपेक्षा सहसा जास्त असते. पॅनेलचा मूळ फॉन्ट इंग्रजी असेल तर मराठी अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी येतात आणि मग ओळ हलते. टेक्स्ट टॅगमध्ये पँगो मार्कअप, म्हणजे अक्षरांची सजावट सांगणाऱ्या खुणा, चालतात, तिथे स्पॅन लावून फॉन्ट स्वतः ठरवा, मुक्ता किंवा नोटो, आणि आकार एका पॉइंटने कमी करा. त्याच स्पॅनमध्ये भाषा मराठी अशी खूणही द्या. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तर ‘लाईट’मधला ल आपल्या वळणाचा येतो. मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर राहणारं अक्षर आहे, ते आपलं दिसावं.

आता सी. एक्सएफसीईचे लोक नमुना प्लगइन देतात, सँपल प्लगइन याच नावाने. तिथूनच सुरुवात करा, कोऱ्या फाइलीपासून नको. सांगाडा लहान आहे. एक डेस्कटॉप फाइल, तिच्यात मॉड्यूलचं नाव. एक सी फाइल, तिच्या शेवटी रजिस्टर करणारा मॅक्रो, तो तुमचं कन्स्ट्रक्ट फंक्शन पॅनेलच्या हाती देतो. कन्स्ट्रक्टमध्ये लेबल आणि प्रोग्रेस बार तयार करायचे, प्लगइनमध्ये टाकायचे, सिग्नल जोडायचे. बस.

मी कुणाचं प्लगइन तपासायला घेतलं तर तीन जागा आधी उघडते.

पहिली, उजवं क्लिक. तुमच्या लेबलखाली इव्हेंट बॉक्स असेल तर क्लिक तिथेच अडतं आणि पॅनेलचा मेनू उघडत नाही. ॲड-ॲक्शन-विजेट नावाचं फंक्शन आहे, त्याला तो बॉक्स द्यावा लागतो. हे विसरलं की ते प्लगइन काढून टाकायलाही माणसाला सेटिंगमध्ये जावं लागतं.

दुसरी, फ्री-डेटा हा सिग्नल. प्लगइन काढलं की तो येतो. तिथे टायमर आणि फाइलीवरची नजर दोन्ही सोडायची. नाही सोडली तर विजेट गेलेलं असतं आणि टायमर त्याच्याच पत्त्यावर लिहायला जातो. पॅनेल पडतं. डेस्कटॉप फाइलीत इंटर्नल या ओळीपुढे फॉल्स लिहिलं तर प्लगइन रॅपर नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं आणि पडलं तर एकटंच पडतं. शिकताना तसंच ठेवा. त्याची किंमत थोडी जास्त रॅम.

तिसरी जागा टायमर. जी-लिब या लायब्ररीत दोन टायमर आहेत, एक मिलिसेकंदांचा, एक सेकंदांचा. सेकंदांचा घ्या. तो जवळपासचे टायमर एका वेळी वाजवतो, म्हणजे प्रोसेसर एकदाच उठतो. आणि तुमच्या कामात टायमर फक्त बॅटरीवर असताना हवा. फाइलीवर नजर ठेवायला जी-फाइल-मॉनिटर आहे, ती शेल स्क्रिप्ट मग लागणार नाही. नवा मजकूर जुन्यासारखाच असेल तर लेबलला हातच लावू नका.

झालं की असं तपासा. चालू प्रोसेसला एस-ट्रेस जोडा, ते प्रोसेस कर्नलला काय काय मागते ते दाखवतं, आणि बघत बसा. लाईट असताना पडद्यावर एक ओळ, पोल या वाट बघणाऱ्या कॉलपाशी थांबलेली, आणि पुढे काहीच नाही, असं हवं. ओळी सरकत राहिल्या तर कुणीतरी उगाच जागं आहे, त्याला शोधा. रॅम मोजायला टॉपमधला आरएसएस धरू नका, त्यात सगळ्यांनी वाटून घेतलेल्या लायब्रऱ्या पूर्ण मोजल्या जातात. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलीत पीएसएस बघा, तो वाटणी करून मोजतो.

---

नंदनवन_मिंट

मध्येच विचारतो. माझ्याकडे मिंट लिनक्स, सिनॅमन डेस्कटॉप. तिथे हेच करायचं तर? आणि ताई, डॉकॲपबद्दल पुढे कधी म्हणालात, ते राहिलं.

---

जुनी_लॅब_महाल

सिनॅमनचं ॲपलेट जावास्क्रिप्टमध्ये असतं. होम फोल्डरमध्ये सिनॅमनच्या ॲपलेट्सखाली स्वतःचं फोल्डर, त्यात मेटाडेटाची जेसन फाइल आणि ॲपलेट-जेएस. लिहायला सोपं. पण ते सिनॅमनच्याच प्रोसेसमध्ये चालतं हे कायम लक्षात ठेवा. तिथून बाहेरची कमांड सिंक पद्धतीने, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून, बोलावली आणि तिला उत्तर यायला दोन सेकंद लागले, तर दोन सेकंद सगळा डेस्कटॉप गोठतो, माउसखालच्या विंडोसकट. जीआयओचं सबप्रोसेस असिंक पद्धतीनेच वापरा. पॅनेलवरून काढल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये टायमर बंद करा. माटे या डेस्कटॉपमध्ये मात्र पायथॉनमधून वेगळ्या प्रोसेसमध्ये ॲपलेट लिहिता येतं, डी-बसवरून ते पॅनेलला जोडलं जातं. प्रत्येक पायथॉन ॲपलेटमागे एक पूर्ण इंटरप्रिटर उभा राहतो, २ जीबीच्या मशीनवर एकाच्या वर नको.

डॉकॲप. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. विंडो मेकर हा विंडो मॅनेजर १९९७ साली आला, नेक्स्टस्टेपच्या धर्तीवर. त्याच्या डॉकमधलं, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीतलं, एक घर ६४ बाय ६४ पिक्सेलचं, आणि त्या घरात बसणारा प्रत्येक डॉकॲप म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्रॅम. पॅनेलची लायब्ररी नाही, टूलकिट नाही. विंडो मॅनेजरला दिलेल्या सूचनांत सुरुवातीची अवस्था विथड्रॉन सांगायची आणि आयकॉन विंडो म्हणून आपली छोटी विंडो द्यायची, की तो तिला उचलून डॉकमध्ये ठेवतो. फ्लक्सबॉक्सचा स्लिट आणि ओपनबॉक्सचा डॉकही हे ओळखतात.

यात फॉन्ट वापरायची गरजच नसते. एका एक्सपीएम चित्रात सगळे आकडे शेजारी शेजारी काढून ठेवायचे आणि हवा तो तुकडा एक्स-कॉपी-एरियाने उचलून जागेवर चिकटवायचा. शाळेच्या लॅबसाठी मी ० ते ९ देवनागरीत काढले, प्रत्येकी सात पिक्सेल रुंद, नऊ उंच. त्या आकारात १ आणि ९ सारखे दिसतात, म्हणून ९ चं वेटोळं एक पिक्सेल मोठं घेतलं. ५ ला शेपटीसाठी तळाची पूर्ण ओळ दिली. एक्सपीएम ही साधी मजकुराची फाइल असते, टिंबं आणि फुल्या, त्यामुळे आठवीच्या मुलींनीही बसून आकडे सुधारले. त्यांनी काढलेला ४ माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच ठेवला.

जुने डॉकॲप वाचायला घेतलेत तर एक गोष्ट उचलू नका. त्यांतले बरेच थोडा वेळ झोप, इव्हेंट आहे का बघ, पुन्हा झोप, अशा चक्रात फिरत राहतात. त्याऐवजी पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरच्या कनेक्शनचा फाइल क्रमांक आणि इनोटिफायचा क्रमांक दोन्ही पोलला द्या. मग कोणीतरी काही सांगेपर्यंत प्रोग्रॅम निवांत राहतो.

---

इतवारी_रिपेअर

ताई, मीही माझी तापमानाची स्क्रिप्ट दर दहा सेकंदांवर नेली आज. एक शंका. सगळीकडे एक्सच्या जागी वेलँड येऊन राहिलं आहे. ही मेहनत वाया तर जाणार नाही?

---

जुनी_लॅब_महाल

डॉकॲप आणि एक्स-एम्बेडचा ट्रे हे दोन्ही एक्सचे आहेत, वेलँडवर ते तसेच चालणार नाहीत. तिथे पट्ट्या लेयर-शेल नावाच्या प्रोटोकॉलवर बसतात, आणि नोम तो मानत नाही. एक्सएफसीई ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, त्यात वेलँडची सोय प्रायोगिक म्हणून आहे. जेनमॉनसारखी सोय वेलँडवरच्या वेबार या पट्टीतही आहे, स्क्रिप्टने जेसनची एक ओळ छापली की झालं.

म्हणून मानेवाड्याच्या दादांना सांगेन की यूपीएसमॉन, ती एक शब्दाची फाइल आणि फाइलवर नजर हा भाग दाखवण्याच्या भागापासून वेगळा ठेवा. त्याचा एक्सशी किंवा वेलँडशी काही संबंध नाही, तो तसाच पुढे जाईल. दाखवणारा भाग पन्नास-साठ ओळींचा असतो, तो बदलता येतो.

तुमचा सीचा कोड जमला की इथे टाका, मी वाचेन. आणि बाकीच्या मशीनवर बसवण्याआधी ते व्होल्टेजचे आकडे तेवढे घेऊन टाका.